भरावाच्या पोटातली ओल : रोधकतेच्या चित्रांविषयी वाचकांचे प्रश्न

जमिनीत इलेक्ट्रोड बसवायचे, त्यांतून वीज सोडून मातीची रोधकता पुन्हा पुन्हा मोजायची आणि त्यावरून बांध, भराव, कटिंग किंवा डोंगरउतार यांच्या आतल्या ओलाव्यावर नजर ठेवायची, या पद्धतीबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं दिली आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. साइटवर सगळे जिला ‘रेझिस्टिव्हिटी’ म्हणतात तीच ही रोधकता.

प्रश्न : आमच्या भरावाचा एकदा सर्व्हे झाला. अहवालातल्या रंगीत चित्रात पायथ्याजवळ मोठा निळा पट्टा आहे आणि ‘येथे पाणी साचले आहे’ असा शेरा आहे. एवढ्यावर निचऱ्याचं काम काढावं का?

एवढ्यावर नको. निळा रंग म्हणजे कमी रोधकता, इतकंच. चिकणमातीची रोधकता फारशी ओली नसतानाही २०-३० ओहम-मीटरच्या आसपास राहू शकते. ओली वाळू पन्नासपासून काही शे ओहम-मीटरपर्यंत जाते, कोरडी खडी हजारांत. म्हणजे पायथ्याशी नुसता चिकणमातीचा थर असला तरी पट्टा निळाच येणार. खारं पाणी किंवा गाडलेला लोखंडी पाइप असला तरी तेच. शिवाय कुठल्या आकड्याला कुठला रंग द्यायचा हे चित्र काढणारा ठरवतो. रंगांची पट्टी बदलली तर तो पट्टा हिरवाही दिसेल.

एका चित्रातून फार तर थर कळतात, पाणी कळतं ते दोन चित्रांच्या फरकातून. मातीचा प्रकार महिन्याभरात बदलत नाही. त्याच जागी, त्याच इलेक्ट्रोडवर घेतलेल्या मोजणीत फरक पडला तर तो ओलावा, तापमान किंवा पाण्यातले क्षार यांचा असतो, आणि त्यांतले शेवटचे दोन वेगळे मोजता येतात. इथे मॉनिटरिंगचा खरा उपयोग आहे.

तूर्त निळ्या पट्ट्यात एक आणि बाहेर एक असं हाताच्या ऑगरनं भोक घ्या. दर अर्ध्या मीटरला नमुना काढा, तो हवाबंद पिशवीत ठेवा आणि १०५ ते ११० अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास वाळवून ओलावा काढा. दोन्ही भोकांत माती सारखी आणि ओलावा वेगळा निघाला, तरच निचऱ्याचा विचार सुरू करा.

प्रश्न : भराव ६ मीटर उंच, माथा ६ मीटर रुंद, दोन्ही बाजूंचा उतार १ ला २. इलेक्ट्रोड किती आणि किती अंतरावर लावावेत? ओळ माथ्यावरून लांबीच्या दिशेनं न्यावी की आडवी?

आडवी. माथ्यावरून लांबीच्या दिशेनं ओळ टाकणं सोपं असतं म्हणून बहुतेक जण तीच टाकतात आणि फसतात. द्विमितीय इन्व्हर्जन (मोजलेल्या आकड्यांवरून जमिनीच्या आतलं चित्र उलटं सोडवणारं गणित) असं धरून चालतं की ओळीच्या दोन्ही बाजूंना माती अमर्याद पसरलेली आहे. भरावाच्या दोन्ही बाजूंना मात्र हवा असते. विजेला पसरायला जागा कमी मिळाल्यानं खोलवरची रोधकता खऱ्यापेक्षा जास्त दिसते, आणि भरावाचं पोट कोरडं आहे असा खोटा दिलासा मिळतो. एका पायथ्यापासून माथ्यावरून दुसऱ्या पायथ्यापर्यंत नेलेल्या ओळीत हा घोटाळा बराच कमी होतो, कारण उताराचा आकार मॉडेलमध्येच घालता येतो. लांबीच्या दिशेनं बदल पाहायचा असेल तर अशा तीन-चार आडव्या ओळी शेजारी शेजारी टाका आणि त्रिमितीय इन्व्हर्जन करा. त्यासाठी दोन ओळींतलं अंतर इलेक्ट्रोडमधल्या अंतराच्या दुपटीपर्यंत ठेवावं. त्यापुढे ओळींच्या मधला भाग धूसर होत जातो.

आता हिशेब. उंची ६, आडवं अंतर १२, म्हणून उताराची तिरकी लांबी सुमारे १३.४ मीटर. दोन्ही बाजू आणि माथा मिळून साधारण ३३ मीटर. पायथ्यांच्या पलीकडे किमान ४-४ मीटर घ्याच, नाहीतर नेमका पायथाच चित्राच्या कमकुवत टोकात जातो. झाले ४१ मीटर. १ मीटर अंतरानं ४८ इलेक्ट्रोड, म्हणजे ४७ मीटरची ओळ, हे सोयीचं पडेल. वेनर मांडणीत चार इलेक्ट्रोड सारख्या अंतरावर असतात, बाहेरच्या दोघांतून प्रवाह सोडतात आणि मधल्या दोघांवर व्होल्टेज मोजतात. तिची मध्यक खोली, म्हणजे जिच्या वरून निम्मा आणि खालून निम्मा सिग्नल येतो ती, इलेक्ट्रोडमधल्या अंतराच्या सुमारे ०.५२ पट असते. ४८ इलेक्ट्रोडमध्ये सर्वांत मोठं अंतर १५ मीटर बसतं, म्हणजे मधोमध साधारण ८ मीटरपर्यंत दिसेल. भरावाचं पूर्ण पोट आणि खालची थोडी मूळ जमीन त्यात आली. टोकांकडे मात्र खोली झपाट्यानं कमी होते.

प्रत्येक इलेक्ट्रोडची जागा टोटल स्टेशननं सेंटिमीटरपर्यंत मोजा. सॉफ्टवेअरला अंतर उतारावरून मोजलेलं द्यायचं आहे की आडवं, ते आधी तपासा. या एका गफलतीनं १ ला २ उतारावर अंतरात जवळजवळ १२ टक्के चूक होते.

प्रश्न : वेनर घ्यावी की डायपोल-डायपोल? आमचा कंत्राटदार म्हणतो डायपोल-डायपोलनं चित्र ‘शार्प’ येतं.

येतं, पण सिग्नल पुरला तर. आकड्यात पाहा. माती ३० ओहम-मीटर, प्रवाह १०० मिलीअँपिअर, अंतर १ मीटर. वेनरचा भूमितीय गुणांक (मोजलेल्या रोधाला ज्यानं गुणलं की रोधकता मिळते तो आकडा) ६.२८, म्हणून व्होल्टेज सुमारे ४८० मिलीव्होल्ट. डायपोल-डायपोलमध्ये प्रवाहाची जोडी एकीकडे आणि व्होल्टेजची जोडी दुसरीकडे असते, त्या दोन जोड्यांतलं अंतर सहा पट ठेवलं तर गुणांक १०५६ आणि व्होल्टेज अवघं २.८ मिलीव्होल्ट. चिकणमातीच्या भरावात हे आणखी घटतं, शेजारी विजेची लाइन असेल तर त्यात गोंगाट मिसळतो. उभे फरक, म्हणजे भेगा, जुन्या-नव्या भरावाचा सांधा, पाझराची वाट, हे डायपोल-डायपोल चांगलं दाखवतं. आडवे थर आणि वरून खाली उतरणारी ओल वेनर किंवा वेनर-श्लुंबर्जे बरी दाखवते. कायमच्या बसवलेल्या प्रणालीत दोन्ही घ्या. वेळ थोडा जास्त लागेल, पण एकीवर शंका आली की दुसरी ताडून पाहता येते.

प्रश्न : पावसाळ्यात वाचनं छान येतात. उन्हाळ्यात अर्धे इलेक्ट्रोड ‘ओपन’ दाखवतात. मिठाचं पाणी ओतलं की चालू होतात. दर वेळी ओतावं का?

मीठ नको. ओलावा मोजण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेत आपणच क्षार आणि पाणी घातलं तर पुढचे कित्येक महिने इलेक्ट्रोडभोवतीचा तो डागच चित्रात दिसत राहील. एका दिवसाच्या सर्व्हेला ते चालतं, मॉनिटरिंगला नाही.

अडचण स्पर्शरोधाची, म्हणजे सळई आणि माती यांच्या सांध्यातल्या रोधाची आहे. माती सुकते, आकसते, सळईपासून सुटते. एका इलेक्ट्रोडचा स्पर्शरोध २ किलोओहमच्या आत असला तर निवांत काम होतं. १० किलोओहमवर गेला की प्रवाह पडतो : २०० व्होल्टच्या यंत्राला दोन्ही इलेक्ट्रोड मिळून २० किलोओहम दिसले तर फक्त १० मिलीअँपिअर जातात, आणि वरच्या उदाहरणातले २.८ मिलीव्होल्ट ०.२८ वर येतात. ते वाचन कुणी यंत्रातून काढून दाखवलं तरी त्यावर भरवसा ठेवू नये.

उपाय बसवतानाच करायचे असतात. ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची १० ते १२ मिलीमीटर जाडीची सळई घ्या. इलेक्ट्रोडचं डोकं पृष्ठभागाच्या २० सेंटिमीटर खाली जाऊ द्या, कारण सर्वांत जास्त सुकतो तो वरचाच थर. पण सळईची लांबी अंतराच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. गणित इलेक्ट्रोडला बिंदू मानतं, म्हणून १ मीटर अंतराला २० सेंटिमीटर सळई पुरे, आणि ती किती खोल गाडली तेही मॉडेलमध्ये घाला. भोक सळईपेक्षा किंचित लहान पाडून ती ठोकून बसवा. मोकळं भोक पाडून माती लोटली की पहिल्याच उन्हाळ्यात पोकळी होते. बेंटोनाइटचा (पाण्यानं फुगणाऱ्या चिकणमातीचा) लगदा भरण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. खडीमिश्रित भरावात तो उपयोगी आहे. चिकणमातीत मात्र बेंटोनाइट सुकून मातीपेक्षाही जास्त आकसतो, तिथे त्याच जागेची बारीक चाळलेली ओलसर माती ठासून भरणं बरं. तरीही रोध जास्त राहिला तर शेजारी आणखी एक सळई ठोकून दोन्ही एका तारेला जोडा.

तांबं वापरू नका. गंजतं, आणि जोडणीवर हिरवट थर धरला की स्पर्शरोध दर महिन्याला वेगळा येतो. वाचनांच्या क्रमात नुकताच प्रवाह सोडलेला इलेक्ट्रोड लगेच व्होल्टेज मोजायला घेऊ नका. त्यावर साठलेला विद्युतभार ओसरायला वेळ लागतो आणि वाचन सरकत राहतं.

प्रश्न : केबल गाडण्यासाठी उतारावर वरून खाली चर खणला. त्यानंतर त्याच रेषेत ओल वाढलेली दिसते. योगायोग?

योगायोग नाही. तुम्ही उताराला नाली करून दिली. सैल भरलेला चर पावसाचं पाणी पकडतो आणि वरून खाली वाहून नेतो. चर २० ते ३० सेंटिमीटरपेक्षा खोल नसावा, निघालेली मातीच १० सेंटिमीटरच्या थरांत ठोकून भरावी, आणि दर तीन-चार मीटरला चराच्या पूर्ण रुंदीत चिकणमातीचा आडवा बांध घालावा. केबल प्लॅस्टिकच्या नळीतून नेली असेल तर नळीची तोंडंही बंद करा, नाहीतर नळीच पाणी वाहून नेते. आता दुरुस्ती करायची तर पावसाआधी चर उघडून पुन्हा भरा. पहिला पावसाळा संपेपर्यंत त्या ओळीतली वरच्या अर्ध्या मीटरची माहिती निष्कर्षांतून वगळा.

प्रश्न : तापमानाची दुरुस्ती खरंच इतकी महत्त्वाची आहे का? आम्ही ती करत नाही, तरी ऋतूंप्रमाणे छान बदल दिसतो.

तो छान बदल बहुधा तापमानाचाच आहे. मातीचं तापमान १ अंशानं वाढलं की रोधकता सुमारे २ टक्क्यांनी घटते. उन्हाळा-हिवाळ्यात वरच्या थरात १० अंशांचा फरक म्हणजे २० टक्के. आता ओलाव्याकडे पाहा. रोधकता आणि ओलावा यांचं नातं सांगणारं आर्चीचं सूत्र (१९४२) साध्या वाळूसाठी संपृक्ततेचा घातांक २ धरून लावलं तर संपृक्तता (छिद्रांचा पाण्यानं भरलेला हिस्सा) ९० वरून १०० टक्के झाल्यावर रोधकता १९ टक्क्यांनी उतरते. म्हणजे भराव शेवटच्या थेंबापर्यंत भरला काय आणि नुसता तापला काय, चित्र जवळजवळ एकच.

दुरुस्ती अशी : मोजलेल्या रोधकतेला [१ + ०.०२ × (मोजतानाचं तापमान − २५)] यानं गुणा, म्हणजे २५ अंशांची रोधकता मिळते. १२ अंशांना ४० ओहम-मीटर आली असेल तर ४० × ०.७४ = २९.६. संदर्भ तापमान २५ च हवं असं नाही. जागेचं वार्षिक सरासरी तापमान घेतलं तर दुरुस्ती लहान राहते आणि तिची चूकही.

ही दुरुस्ती इन्व्हर्जननंतर, प्रत्येक चौकटीला तिच्या खोलीच्या तापमानानं करायची. संपूर्ण चित्राला हवेचं तापमान लावणं सर्रास चालतं आणि चूक आहे. वार्षिक तापमानलहर मातीत साधारण सव्वादोन मीटरला आपल्या उंचीच्या ३७ टक्क्यांवर येते, आणि तिथे तिचा कळस पृष्ठभागापेक्षा जवळपास दोन महिने उशिरा येतो. दैनंदिन लहर मात्र १२ सेंटिमीटरमध्येच तेवढी मंदावते. त्यामुळे ०.१, ०.५, १, २ आणि ४ मीटर खोलीवर एकेक तापमान सेन्सर पुरतो. त्यांच्या वर्षभराच्या नोंदीवर साइन-घातांकी वक्र बसवला की कुठल्याही तारखेचं, कुठल्याही खोलीचं तापमान मिळतं. उन्हाकडची आणि सावलीकडची बाजू वेगळी असेल तर सेन्सरचे दोन संच लावा.

प्रश्न : रोधकतेवरून ओलाव्याची टक्केवारी काढायला कुठलं सूत्र वापरावं? पुस्तकातल्या तक्त्यातले स्थिरांक चालतील का?

नाही चालणार. स्वच्छ वाळूला आर्चीचं सूत्र पुरतं, पण बहुतेक भरावांत चिकणमाती असते, आणि तिथे वीज छिद्रांतल्या पाण्यासोबत कणांच्या पृष्ठभागावरूनही वाहते. हा भाग धरणारं वॅक्समन-स्मिट्स सूत्र (१९६८) घ्यावं लागतं. ते वापरा किंवा साधा वक्र बसवा, स्थिरांक तुमच्याच मातीचे हवेत.

प्रयोगशाळेत असं करा. भरावाच्या दोन-तीन खोलींवरची माती आणा. जागेवरची कोरडी घनता कोअर कटरनं काढा. माती वाळवून, गुठळ्या फोडून सात-आठ वाट्या करा आणि कोरड्यापासून जवळजवळ संपृक्तपर्यंत वेगवेगळ्या ओलाव्याच्या बनवा. पाणी डिस्टिल्ड नको, नळाचंही नको. जागेवरच्या भूजलाची वाहकता मोजून तेवढ्याच वाहकतेचं पाणी करून घ्या. मिसळलेली माती हवाबंद करून २४ ते ४८ तास ठेवा, नाहीतर गुठळ्यांच्या आत कोरडं आणि बाहेर ओलं राहतं. मग १०० मिलीमीटर व्यासाच्या पीव्हीसी साच्यात मोजून घेतलेली माती जागेवरच्या घनतेला येईपर्यंत दाबा. दोन्ही टोकांना स्टेनलेसच्या चकत्यांतून प्रवाह द्या, मधल्या दोन पिनांवर व्होल्टेज घ्या. पिनांमध्ये १० सेंटिमीटर अंतर असेल तर गुणांक ०.०७८५ मीटर : रोध ३०० ओहम आला तर रोधकता साडेतेवीस ओहम-मीटर. खोलीचं तापमान सगळ्या नमुन्यांना एकच ठेवा. शेवटी प्रत्येक नमुना ओव्हनमध्ये घालून खरा ओलावा काढा. जितकं पाणी घातलं तितका ओलावा असं धरू नका.

एक नमुना ओल्यापासून हळूहळू सुकवतही मोजा. भिजतानाचा आणि सुकतानाचा वक्र एक येत नाही, आणि दोघांतलं अंतर हीच तुमच्या उत्तरातली किमान अनिश्चितता. वजनी ओलावा आणि घनफळी ओलावा यांचीही सरमिसळ होते : १८ टक्के वजनी ओलाव्याला कोरडी घनता १.६५ असेल तर घनफळी ओलावा २९.७ टक्के. अहवालात कुठला आहे ते लिहाच.

प्रश्न : किती ओहम-मीटरला धोक्याची घंटा लावावी?

एका आकड्यावर घंटा लावू नका. प्रयोगशाळेतला वक्र काढून समोर ठेवा. कोरड्या बाजूला तो कड्यासारखा उभा असतो आणि ओल्या बाजूला जवळजवळ आडवा. आर्चीच्याच हिशेबानं संपृक्तता ५० वरून ६० टक्के झाली तर रोधकता ३१ टक्क्यांनी पडते, ९० वरून १०० झाली तर १९ टक्के, आणि चिकणमातीत पृष्ठभागावरून वाहणाऱ्या विजेमुळे त्याहूनही कमी. म्हणजे उतार जसजसा धोक्याकडे जातो तसतशी ही पद्धत बोथट होते.

दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे. उतार घसरतो तो छिद्रांतल्या पाण्याच्या दाबामुळे, आणि रोधकतेला दाब कळत नाही. संपृक्त मातीत दाब ० वरून २० किलोपास्कल झाला तरी ओलावा तोच राहतो आणि चित्र तसंच. संपृक्त होण्याआधीच्या टप्प्यात थोड्याशा ओलाव्यानं मातीतलं शोषण (कणांना एकत्र धरून ठेवणारी पाण्याची ओढ) झपाट्यानं जातं. शक्ती तिथे हरवते, चित्रात मात्र किरकोळ फरक दिसतो. म्हणून घंटा पायझोमीटरवर (छिद्रांतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या साधनावर), हालचालीवर आणि पावसावर बांधा. संपृक्त भागात पायझोमीटर, त्याच्या वर शोषण मोजणारा टेन्सिओमीटर. टेन्सिओमीटर साधारण ८० ते ९० किलोपास्कल शोषणापर्यंतच चालतो, त्यापुढे त्यातला पाण्याचा स्तंभ तुटतो. रोधकतेचं काम ही मोजकी साधनं कुठे बसवायची ते सांगणं आणि त्यांच्यामधली रिकामी जागा भरणं. पायझोमीटर एका बिंदूचं सांगतो. ओल कुठल्या वाटेनं शिरली आणि पायथ्याला कधी पोहोचली हे चित्र सांगतं.

इशारा हवाच असेल तर किमान एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक ओला आणि एक कोरडा हंगाम, नुसती नोंद ठेवा. मग त्या खोलीच्या नेहमीच्या ऋतुचक्राबाहेर गेलेला बदल पाहा. तो दिसला की माणूस जागेवर पाठवावा, रस्ता बंद करण्याएवढं बळ त्यात नाही.

प्रश्न : मोठ्या पावसानंतर वरचा १ मीटर ओला झालेला दिसतो, पण त्याच्या खाली रोधकता वाढली. पावसानं खालची माती सुकली कशी?

सुकली नाही. इन्व्हर्जन चित्र गुळगुळीत ठेवायचा प्रयत्न करतं. वर एकदम मोठी घट बसवताना खाली थोडी खोटी वाढ करून ते आकडे जुळवतं. हे भूत ओळखायची खात्रीची रीत आहे. संगणकात एक बनावट भराव करा, वरचा १ मीटर ३० वरून २० ओहम-मीटर, खाली काहीही बदल नाही. त्यावर तुमचीच मांडणी चालवून आकडे काढा, त्यात तुमच्या यंत्राइतका गोंगाट मिसळा आणि तुमच्याच सेटिंगनं उलटं सोडवा. तीच वाढ तिथेही उगवली तर ती विसरून जा.

न उगवल्यास दोन खऱ्या शक्यता उरतात. पावसाचं गोडं पाणी खाली उतरून जुन्या खारट पाण्याला ढकलत असेल तर ओलावा तोच राहून रोधकता वाढते. पाण्याच्या नमुन्याची वाहकता मोजली की उलगडा होतो. दुसरी, थंड पावसानं माती गार झाली असेल. ही तापमानाच्या सेन्सरवर दिसेल.

इन्व्हर्जनची सेटिंग दर वेळी तीच ठेवा. एखाद्या तारखेला वाईट निघालेला इलेक्ट्रोड वगळला तर तो सगळ्याच तारखांतून वगळा. नाहीतर फरकाच्या चित्रात तुमची वगळणीच दिसेल.

प्रश्न : वाचन चांगलं की वाईट हे कशावरून ठरवायचं? यंत्र प्रत्येक वाचनाला ०.५ टक्के त्रुटी दाखवतं.

ती त्रुटी त्याच क्षणी पुन्हा पुन्हा घेतलेल्या वाचनांतली आहे. वाईट जोडणी दर वेळी सारखंच वाईट वाचन देते, मग यंत्र खूश. उलट मोजणी करा : प्रवाहाची जोडी आणि व्होल्टेजची जोडी यांची अदलाबदल. सिद्धान्तानं रोध तोच यायला हवा. ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर ते वाचन टाका. उरलेल्यांचे फरक रोधाच्या तुलनेत मांडून ‘एक स्थिर भाग अधिक रोधाच्या प्रमाणातला भाग’ अशी त्रुटीची रेषा बसवा आणि ती इन्व्हर्जनला द्या. यामुळे मोजणीचा वेळ दुप्पट होतो. रोज परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा पूर्ण संच उलटा घ्या.

प्रश्न : उतार सरकला. जुनी आणि नवी चित्रं जुळवता येतील का?

इलेक्ट्रोड पुन्हा मोजल्याशिवाय नाही. वेनर मांडणीत अंतर २ मीटर आहे आणि व्होल्टेजचा एक इलेक्ट्रोड २० सेंटिमीटर प्रवाहाच्या इलेक्ट्रोडकडे सरकला असं धरा. माती तसूभर बदलली नाही तरी रोध साडेतेरा टक्क्यांनी वाढतो. उलट दिशेनं सरकला तर १२ टक्क्यांनी घटतो. सरकणाऱ्या उतारावर ओलाव्याचा खोटा बदल असाच तयार होतो, आणि नेमका पावसानंतर, म्हणजे खऱ्या बदलाच्या वेळी. सगळा उतार एकसंध सरकला तर बिघाड कमी, पण घसरणीच्या कडेवरचे इलेक्ट्रोड हमखास चुकतात. म्हणून ओळीवर काही मोजणीचे खुंट ठेवा, मोठ्या पावसानंतर ते मोजा आणि नव्या जागा घालूनच त्या दिवसापासूनची इन्व्हर्जन करा.

प्रश्न : उन्हाळ्यात चिकणमातीच्या उतारावर वरच्या थरात रोधकता शेकड्यांत जाते. सूत्रानुसार ओलावा २-३ टक्के येतो, ओव्हनमध्ये १२ टक्के. चूक कुठे?

भेगांत. हवेनं भरलेली भेग विजेची वाट अडवते. मातीच्या ढेकळात ओलावा असतोच, पण प्रवाहाला वळसा पडतो आणि रोधकता फुगते. बिनभेगांच्या नमुन्यावर काढलेला वक्र तिथे लागू होत नाही. त्या थराची टक्केवारी देऊच नका, ‘भेगाळलेला थर’ म्हणून दाखवा. ही माहितीही कामाची आहे : पहिला जोरदार पाऊस याच भेगांतून थेट खाली उतरतो.

प्रश्न : सॉइल नेल, गॅबियन, जिओमेम्ब्रेन, शेजारी रेल्वे. यांपैकी कशासोबत ही पद्धत चालते?

जिओमेम्ब्रेनच्या खालचं काहीही दिसणार नाही, प्लॅस्टिकची अखंड चादर वीज जाऊच देत नाही. जाळीदार पॉलिमर जिओग्रिडची अडचण नाही. स्टीलची जाळी घातलेल्या शॉटक्रीटवर (फवारलेल्या काँक्रीटवर) काम करू नका. सॉइल नेल (आधारासाठी उतारात घुसवलेल्या सळया) असलेल्या उतारावर वीज सळयांतून पळते. फरकाच्या चित्रात त्यांचा थोडा भाग कटतो, सगळा नाही. गॅबियन (दगड भरलेल्या तारेच्या पेट्या) आणि लोखंडी कुंपण यांच्यापासून ओळ इलेक्ट्रोड-अंतराच्या तीन-चार पट तरी दूर, आणि समांतर न ठेवता काटकोनात न्या.

रेल्वेजवळ खडीच्या थरात इलेक्ट्रोड बसवण्याचा खटाटोप नको, तिथे स्पर्शच मिळत नाही. ओळ खडीखालच्या उतारावर घ्या. ५० हर्ट्झच्या गोंगाटासाठी व्होल्टेज मोजण्याची खिडकी २० मिलीसेकंदांच्या पूर्ण पटीत ठेवा. १०० मिलीसेकंद ठेवली तर ६० हर्ट्झही त्यातच कटतो. डीसीवर चालणाऱ्या मार्गाशेजारी भटके प्रवाह सरकत राहतात, तिथे गाड्या नसतानाच्या वेळी मोजणी लावा.

प्रश्न : हे प्रत्यक्षात कुठे दीर्घकाळ चाललं आहे का? आणि सॉफ्टवेअर फुकट मिळतं का?

ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेनं नॉर्थ यॉर्कशायरमधल्या हॉलिन हिल या सरकत्या उतारावर २००८ मध्ये कायमची प्रणाली बसवली : ५ ओळींत १६० इलेक्ट्रोड. ईस्ट लीकजवळ ग्रेट सेंट्रल रेल्वेच्या एकोणिसाव्या शतकातल्या भरावावरही असं काम झालं आहे. स्वीडनमध्ये हॅल्बी धरणाच्या मातीच्या बांधावर १९९० च्या दशकापासून पाझर शोधण्यासाठी रोज मोजणी चालायची. सॉफ्टवेअरमध्ये रेस-आयपाय आणि पाय-गिम्ली ही दोन मुक्त आहेत. सुरुवात करणाऱ्याला पहिलं सोपं, कारण त्यात बटणं आहेत. दुसऱ्याला पायथॉन लिहावं लागतं.

प्रश्न : दूरच्या उतारावर यंत्रणा वर्षानुवर्षं चालू ठेवताना काय सांभाळावं?

सर्वांत आधी माणसं आणि जनावरं. काही शे व्होल्ट इलेक्ट्रोडवर असतात. उघडी डोकी ठेवू नका, फलक लावा, आणि लोकांची ये-जा असेल तिथे मोजणी रात्री लावा.

विजांच्या कडकडाटात उतारावर पसरलेली लांब केबल मोठा धक्का यंत्रापर्यंत आणते. सर्ज अरेस्टर हवेतच, शिवाय मोजणी नसताना रिले सगळे इलेक्ट्रोड यंत्रापासून तोडून ठेवतील अशी व्यवस्था करा. बॅटरी सलग ढगाळ दिवसांचा हिशेब धरून घ्या. ज्या आठवड्यात मोजणी सर्वांत जास्त हवी असते त्याच आठवड्यात सौर पॅनेल काही देत नाही. व्होल्टेज घसरलं तर मोजणीचा संच आपोआप लहान व्हावा, बंद पडू नये.

जोडण्या जेल भरलेल्या किंवा आतून चिकट असलेल्या हीट-श्रिंक नळीत बंद करा. नुसती इन्सुलेशन टेप एक पावसाळाही काढत नाही. उंदीर केबल कुरतडतात, म्हणून कवचाची केबल किंवा नळी वापरा. गवत कापणाऱ्यांना ओळींचा नकाशा द्या आणि दोन्ही टोकांना उंच खुंट रोवा. उतारावरच्या केबल सर्वांत जास्त तुटतात त्या कापणीच्या यंत्रानं.